वादिमची महाशिवरात्र

१० मार्च २००२, रविवार. नोव्हाय, डेट्रॉइटजवळ
आजपासून रोज लिहायचं. समोरच्या अपार्टमेंटमध्ये वादिम नावाचा रशियन राहायला आला आहे. तिकडचा हौशी बॉक्सिंगमधला राष्ट्रीय विजेता. आता प्रोफेशनल झाला, म्हणून अमेरिकेत. डेट्रॉइटच्या जिममध्ये सराव करतो. त्याचा सोफा जिन्यात अडकला होता. तिरका करा, असं मी सुचवलं आणि निघाला. सोफा त्याने एकट्याने वर नेला, मी मागून दिशा दाखवली. आमचं जमणार असं तेव्हाच वाटलं.

२२ जून २००२, शनिवार
मधले दिवस ऑफिसात गेले. वादिमची पहिली फाइट. दुसऱ्याच राउंडला समोरचा आडवा. मी मारुतीचा शनिवार कडक धरला होता. कोच अर्ल डाव्या हाताच्या ठोशाचं कौतुक करत होता. असेलही.

९ नोव्हेंबर २००३
अजून हरलेला नाही. त्याची बायको आणि छोटी मुलगी तिकडे रशियात, सारातोवला आहेत. नाव झालं की दोघींना इकडे आणणार. मी सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नक्की. माझी बायको सुमित्रा म्हणाली, दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ नका. तिचा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर.

१४ मे २००५, शनिवार
वादिम हरला. पॉइंट्सवर. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. मी ओहायोला ऑडिटला गेलो होतो आणि सप्लायरच्या लोकांनी आग्रह केला म्हणून सँडविच खाल्लं. यापुढे असं होणार नाही.

७ ऑक्टोबर २००६, शनिवार
वादिम नॉकआउट झाला. मी पाणीसुद्धा बेतानेच प्यायलो होतो, म्हणजे माझ्याकडून कसूर नाही. खूप विचार केला. शेवटी उमगलं की उपवास ज्याचा त्यानेच करायला हवा. इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाला उपाशी ठेवत होतो.

२४ जानेवारी २००७
वादिमला शेवटची संधी. १७ फेब्रुवारीला फाइट. जिंकला तर प्रमोटर करार वाढवणार, म्हणजे व्हिसा वाढेल आणि घरच्यांचे कागद पुढे सरकतील. नाहीतर परत.
अडचण वजनाची आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं असतं. १६० पाउंडांच्या वर गेला की गडबड. वय चौतीस, पूर्वीसारखं उतरत नाही. अर्ल त्याला उकडलेलं चिकन आणि पालक देतो आणि वाफेत बसवतो. बघवत नाही.
पंचांग पाहिलं. त्याच आठवड्यात सोमवार, एकादशी, गुरुवार आणि शुक्रवारी, वजनाच्याच दिवशी, महाशिवरात्र. इतके उपवास एका रांगेत उगाच येत नाहीत.

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार
अर्लला फ्लू झाला. वाईट वाटलं, पण वाट मोकळी झाली. वादिमला नीट समजावलं: शुक्रवारपर्यंत धान्य नाही, मांस नाही, फक्त उपवासाचं. त्याने मान डोलावली. व्रत चालू असताना फळ मोजायचं नसतं, म्हणून वजनाचा काटा आमच्या कपाटात आणून ठेवला. त्यालाही काट्याची धास्तीच होती, हसत हसत दिला.
सुमित्रेने साबुदाण्याची खिचडी केली. साजूक तूप, भरपूर कूट. तीनदा घेतली. असा निग्रही माणूस पाहिला नाही.

१३ फेब्रुवारी, एकादशी
रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचे पापड. सावनी ताटाकडे बघून म्हणाली, "बाबा, दॅट्स ऑल कार्ब्स." शाळेतलं शिक्षण. तिला सांगितलं, उपवास असा मोजत नाहीत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
वादिम दुपारी जरा झोपाळलेला होता. मन शांत झाल्याचं लक्षण. दाण्याचे लाडू दिले. सुमित्रा दोनदा म्हणाली, एकदा वजन तरी करू द्या. इतक्या जवळ येऊन शंका काढायची नसते.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पासष्ट. म्हणजे एकशे पासष्ट.
एक तास मुदत दिली. वादिम घाम काढायला प्लॅस्टिकचा सूट घालून हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये पळत राहिला. धीर यावा म्हणून मी लिफ्टपर्यंत बरोबर पळालो, मग बसून नामस्मरण केलं. परत काटा. त्रेसष्ट.
मी क्वालिटीत आहे, म्हणून काट्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी दाखवलं. तारीख चालू होती.
समोरच्या माणसाकडच्यांनी खेळायला नकार दिला. फाइट रद्द. अर्ल मफलर गुंडाळून आला होता. आठवडाभर काय खाल्लं, विचारलं. मी अभिमानाने एकेक सांगत गेलो. लाडवांपर्यंत आलो तेव्हा तो खाली बसला.
वादिम कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा होता. प्रमोटर त्याच्यासमोरून बोलत निघून गेला. त्याने माझ्याकडे बघितलं.
"मोहन, आता जेवू का?"
म्हटलं, उद्या सकाळी सुटतो.

३ मार्च २००७
करार संपला. दोष उपवासाचा नाही. इंडियन स्टोअरमधला साबुदाणा या वेळी फार टपोरा होता, मी तेव्हाच बोललो होतो. सुमित्रा म्हणते, त्यांना निदान सॉरी म्हणून या. जाणार आहे. सध्या ऑफिसात रिव्ह्यू आहे.

२० मे २००७
समोरच्या दारावर रोज थाप मारावीशी वाटते. आज मारली. वादिमने चहा दिला. मुलीचा फोटो दाखवला, पुढचे दात पडून नवे आले आहेत. मी म्हटलं, सगळं चांगलं होईल. त्याने फोटो परत पाकिटात ठेवला. सॉरीचा विषय निघाला नाही.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार
वादिमला एअरपोर्टवर सोडलं. पाच वर्षांपूर्वी खांदा केवढा होता. आता ट्रॉली ढकलताना वाकतो. मी त्याला मारुतीचा अंगारा दिला. त्याने पाकिटात ठेवला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "मोहन, तू भला माणूस आहेस. पुढच्या वेळी कुणासाठी फक्त प्रार्थना कर."
फक्त प्रार्थना. म्हणजे शेवटी त्याला श्रद्धेचं मोल पटलं. हे कुणालातरी सांगायला हवं, म्हणून सुमित्रेला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सावकाश या.
फ्रीवेवर त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली. हात स्टीअरिंगवर, म्हणून मनातच. देवाचं नाव घेतलं आणि पुढे थांबलो. फाइट नाही, व्हिसा नाही, इकडे कुणी यायचं नाही. त्याच्यासाठी काय मागायचं ते सुचेना. नोव्हायची एक्झिट मागे गेली.