विधीला घेऊन वलसाडला जातेय

अहो,

बोट बंदराला लागल्यावर याल तेव्हा घरी कुणी दिसणार नाही, म्हणून लिहून ठेवतेय. तुमचा फोन लागत नाही. विधीला घेऊन मी आणि आई वलसाडला निघालोय.

तिच्या डोळ्याखाली नाकाच्या बाजूला जन्मापासून ती निळसर गाठ होती ना, ती काल खूप फुगली. आज सकाळी दूध पिताना तिचा श्वासच अडकला. मोठ्याने रडली तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला. डहाणूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अश्रूंची नळी खाली बंद आहे, पाणी साठून नाकात फुगा झालाय. एवढंसं बाळ नाकानेच श्वास घेतं, थांबू नका." वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून तो फुगा उघडतात. चेहऱ्यावर कुठेच कापत नाहीत, पण पूर्ण भूल द्यावी लागते.

"मी आल्याशिवाय तिला दवाखान्यात ठेवायचं नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. आपला पहिला मुलगा दवाखान्यातून परत आला नाही, ते मीही विसरलेले नाही. आईसुद्धा नकोच म्हणत होत्या. मग सकाळी त्यांनी तिचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि स्वतःच जाऊन रिक्षा घेऊन आल्या.

भात झाकून ठेवलाय, बोंबलाचं कालवण गरम करून घ्या. आईंच्या फोनवर फोन करा, त्या वॉर्ड सांगतील.

तुमच्यासाठी ऑपरेशन थांबवणार नाही, सही मी करणार आहे. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागवा. पण या.

हिना