इस्त्रीचा वास

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तू शिवलेले मास्क मिळाले. आमच्या ग्रंथालयात सगळ्यांना वाटून टाकले, तुझ्या शिलाईचं फार कौतुक झालं. मीही एक ऐटीत लावला आणि कपाळावर हात मारला. कापडाला सिगारेटचा वास! सोडली सोडली म्हणून जगाला सांगतोस आणि मशीनवर बसून खुशाल धूर काढतोस.

वहिनी सांगत होती, तू कात्रीसुद्धा सॅनिटायझरने पुसतोस आणि आलेल्या पत्रांवर गरम इस्त्री फिरवतोस. काळजी घेतोस ते बरंच करतोस, साथ काही खोटी नाही. पण दुकानाचा जिना चढताना धाप लागली म्हणून घाबरून तपासणी करून आलास, साथीचा आजार निघाला नाही, तर घरभर नाचलास म्हणे. मग ती धाप कशाची होती रे? आपले बाबा खोकून खोकून गेले, तेव्हा कुठे साथ होती?

मला भीती वाटते, दादा. मला तू एकच आहेस. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

११ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र इस्त्री करून वाचलं, तरी झोंबलंच. साथीत गेलेल्यांचे आकडे रोज बातम्यांत सांगतात. सिगारेटने गेलेल्यांचे कोण सांगतं? म्हणून त्याची धास्ती वाटत नाही, हे मान्य.

पण बाईसाहेब, माझ्याकडे टेप आहे. तुझ्या ड्रेसची कंबर मी दर वर्षी सैल करतोय, आता शिवणीत सोडायला कापड उरलं नाही. दिवसभर खुर्ची सोडायची नाही, टेबलाच्या खणात बिस्किटांचा डबा. रक्तातली साखर वाढली, ती मला कळू द्यायची नाही अशी तंबीही वहिनीला दिलीस. तिच्या पोटात काही राहतं का?

तेव्हा आता असं करू. मी मास्क लावूनच शिवेन, म्हणजे सिगारेट ओठांपर्यंत पोचणार नाही. तू घरी चालत जा आणि डबा कुणाला तरी देऊन टाक. बाबांबद्दल लिहिलंस ते वाचून बराच वेळ मशीन बंद ठेवून बसलो होतो. तब्येतीला जप, लोभ आहेच.

तुझा,
दादा

२० जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सिगारेटवाचून फार वाईट दिवस गेले. चिडून मी एका गिऱ्हाइकाच्या पँटला खिसा उलटा लावला. एकदा गच्चीत जाऊन मास्क उतरवला, पेटवली आणि दोन झुरके मारलेही. तेवढ्यात तुझी वहिनी वाळलेले कपडे काढायला वर आली. माझा मास्क हातात धरून नुसती उभी राहिली. त्यानंतर सिगारेटला शिवलो नाही.

सोबत नवे मास्क आहेत. हुंगून बघ आणि खरं ते कळव. माझ्या नाकावर माझाच भरवसा नाही. शिव्या द्यायच्या तर प्रेमाने दे.

तुझा,
दादा

२८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल फोडलं आणि आधी मास्क नाकाला लावला. नुसता इस्त्रीचा वास. खात्री होईना म्हणून दुसरा हुंगला, मग तिसरा. मग असं रडू आलं की तिन्ही मास्क धुवायला टाकावे लागले.

बिस्किटं रस्त्यावरच्या कुत्र्याला दिली. आता तो रोज घरापर्यंत सोबत येतो, त्यामुळे चालणं चुकवायची सोय राहिली नाही.

सोबत ड्रेस पाठवते आहे. कंबर आत घे, दादा. आणि पुढच्या वर्षीही तूच घे.

तुझी,
चिमणी