न्हाणीमागच्या मॉसचा ताबा

मी, शिवयोगी प्रभुलिंग हत्तुरे, वय अठ्ठ्याहत्तर, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनाच्या स्वस्थतेचा दाखला मागितला नाही, मिळाला नसता. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे याने रद्द समजावीत.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा महेश्वर आणि मुलगी श्रीदेवी यांना निम्मे निम्मे. महेश्वरला ते विकायचे आहे. तो बोलत नाही, पण मोजपट्टी घेऊन येतो. विकावे. माझी हरकत नाही.

२. बँकेतली ठेव श्रीदेवीला. माझी पत्नी कै. चंद्रव्वा हिच्या पाटल्या आणि बोरमाळ नात पायलला. माझी शाळेतली कवितांची पुस्तकेही पायललाच, अट एवढीच की कविता मोठ्याने म्हणायच्या. आमचे गुरुजी टेबलावर ताल धरून सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायचे. दवावरची एक कविता होती. तिचे शेवटचे कडवे आठवेना म्हणून सकाळपासून कितीदा उठून कपाट उघडले. पान फाटलेले निघाले. असो.

३. आता ज्यासाठी हा खटाटोप. आमच्या न्हाणीमागच्या भिंतीवर, सांडपाण्याच्या ओलीवर, मॉस उगवायचे. लोक शेवाळ म्हणतात, पण ती पानांची इवली झाडे असतात. त्यांच्या पेशीत हरितलवके उन्हावर अन्न रांधतात आणि तंतुकणिका ते जाळून पेशीला बळ देतात. दोन्हींना लागणारी बहुतेक प्रथिने बाहेर बनतात आणि ज्याची त्याच्या घरी पाठवली जातात. नोकरीत असताना मला या मॉसमध्ये एक प्रथिन दोन्ही घरी जाताना दिसले, माहेर आणि सासर सारखेच मानणाऱ्या लेकीसारखे. अशी प्रथिने असतात हे आता सगळे मानतात. हे त्यांतले आहे की नाही, एवढे ठरायचे राहिले आहे.

तेव्हा माझे सहकारी प्रा. एकनाथ पुराणिक यांनी भर चर्चासत्रात विचारले होते, "हत्तुरे, कणिका वेगळ्या केल्यात की नुसत्या ढवळल्यात?" त्यांचे म्हणणे असे की माझ्या तंतुकणिकांत हरितलवकांचा चुरा मिसळला होता, प्रथिन एकाच घरचे, दुसरे घर मी दिले. सभागृह हसले. वास्तविक मी मॉस आदल्या दिवसापासून अंधारात ठेवत असे. त्याने हरितलवकांत साठलेले पिष्ट उतरते आणि यंत्रात फिरवताना ती फुटत नाहीत. वाटणही बर्फावरच. सात रस्ता चौकातल्या गोळेवाल्याकडून बर्फ आणायचो, तो विचारायचा, सर, रोज पाहुणे कोण येतात?

माझी विद्यार्थिनी निवेदिता पुण्याला नव्या यंत्रावर याचा निकाल लावणार आहे. पण तिची मॉस वाढवण्याची खोली बुरशी शिरल्याने बंद आहे, ती दिवाळीनंतर उघडेल. तोवर मॉस जगले पाहिजे. मी जगेन असे नाही.

४. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, तिच्याआधी घराला चुना द्यायची आमच्याकडे रीत. यंदा मी दवाखान्यात असताना महेश्वरने ती पाळली आणि न्हाणीमागची भिंतही सोडली नाही. "अप्पा, बघा की, किती स्वच्छ झालंय." मी बघितले. आता उरले आहे ते फक्त मी आधी काचेच्या बशांत लावून ठेवलेले, कूलरपाशी. महेश्वरला दोष नाही, पण मॉसचा ताबाही नाही.

आत्ता वीज गेली. वाक्य अर्धे टाकून बशांभोवती ओला पंचा गुंडाळून आलो. बाहेर डांबर वितळते आहे.

श्रीदेवीलाही ताबा नाही. तिची माया जास्त. उन्हाने कोमेजलेय म्हणून ती झाकण उघडून पाणी घालील आणि तिथेच बुरशी धरेल. हे वाचून तिला वाईट वाटेल. वाटू दे.

५. म्हणून बशांचा ताबा प्रा. एकनाथ पुराणिक यांना. हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पायरी चढलो नव्हतो. त्यांनी पाणी दिले, मग ते म्हणाले, "शिवयोगी, तुला खोटा ठरवायचं तर ते जिवंतच ठेवावं लागेल की." याहून भरवशाचा राखणदार मला सोलापुरात दिसत नाही. दर महिन्याला नवी बशी, सावली, जमेल तेवढा थंडावा. बाकी ते जाणतात.

त्यांची साक्षीला सही घ्यावी अशी माझी इच्छा होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला उभे राहू नये. मी म्हटले, त्यांना शेवाळ मिळतेय. वकील म्हणाले, तरी नको.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीदेवीने करावी. निवेदिताचा निकाल पुराणिकांच्या बाजूने लागला तर माझ्या नावाने कोणी वाद घालू नये. माझ्या बाजूने लागला तर तो त्यांना फोनवर कळवू नये. ते एकटे राहतात. निवेदिताने घरी जावे, शेजारी बसावे, सावकाश सांगावे. ते चहा टाकतील. तो पिऊन, मगच उठावे.

सही: शिवयोगी प्रभुलिंग हत्तुरे

लिहिणाऱ्याने आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली:
१. डॉ. अवधूत मंगळवेढेकर
२. मडिवाळप्पा तोळनुरे, शेजारी

सोलापूर, २२ एप्रिल २०२५