बाहेर मांडलेली पूजा

आप्पा,

परवा खंडेनवमी झाली. जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या आपल्या लॅबच्या व्हरांड्यात मी पाटावर चिमटे, सुऱ्या आणि स्पिरिटचा दिवा मांडला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, पेढे वाटले. आतल्या काचेच्या खोलीत एक पाकळीसुद्धा जाऊ दिली नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पूजा तुमच्याच पद्धतीने होते. म्हणजे तुमच्या दुसऱ्या पद्धतीने. पहिलीबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत, आणि त्याचाच मला अजून संताप येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरून आहे.

जळगावकडचा माणूस जयपुरात केळीची रोपं कशाला करतो, असं लोक विचारायचे. तुमचं उत्तर तयार असायचं, "इथे केळीचं शेतच नाही, मग केळीचा रोग येणार कुठून?" मला त्या उत्तराचा केवढा अभिमान होता! केळीच्या कंदाचा कोंब सोलत सोलत आत जायचं, बोटाच्या पेराएवढा गाभा उरला की तो औषधात धुऊन बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. त्याला फुटवे येतात, ते कापून नव्या बाटल्यांत लावायचे, त्यांना पुन्हा फुटवे. एका कंदातून हजारो रोपं, आणि बाहेरचा एक कण आत शिरला की सगळी बुरशीच्या घशात. हे सगळं मी कॉलेजात वाचलं होतं, पण शिकवलंत तुम्ही. बांगड्या घरी ठेवायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, टोपीतून एक केस बाहेर दिसता कामा नये, बाटलीचं तोंड उघडं असताना बोलायचं नाही. बनी पार्कच्या घरी फोडणी देतानासुद्धा मी तोंड मिटून उभी राहायची आणि आई हसायची, "अगं, त्या कढईला काही होत नाही." आप्पा, माझा हात चांगला होता. माझ्या बाटल्या खराब होत नसत. हे सगळ्यात आधी तुम्हाला ठाऊक होतं.

आणि त्या खंडेनवमीला तुम्हीच झेंडूचा हार घेऊन काचेच्या खोलीत शिरलात. गावी नांगराची पूजा व्हायची, इथे हवेच्या कपाटाची व्हायला हवी, असं तुमच्या मनाने घेतलं होतं. ज्या कपाटासमोर बसून आम्ही कापाकापी करतो, जे वरून हवा ओढून गाळून आमच्या हातांवर सोडतं, त्याच्या बरोबर डोक्यावर तुम्ही हार घातलात. उदबत्ती लावलीत. नारळ तिथेच फोडलात. मी दारात उभी आहे, हातात ताट आहे, आणि न राहवून विचारते, "आप्पा, फुलं आत?" तुम्ही वळूनही पाहत नाही. "देवाचं आहे. त्याने काही होत नाही." लॅबचे मालक मागे हात जोडून उभे होते. मी गप्प बसले, कारण तुम्ही आप्पा होता आणि तिथले साहेबही तुम्हीच होता.

दसऱ्यानंतर आम्ही नव्या बाटल्या भरल्या. थोड्याच दिवसांत त्यांत बुरशीचा पांढरा कापूस धरला. आधी एका फळीवर, मग शेजारच्या, मग ज्या बाटल्यांना मी हातही लावला नव्हता त्यांच्यावर. मालक आले तेव्हा तुम्ही सगळ्यांना बोलावलंत आणि माझा हात वर धरून दसऱ्याला काढलेली मेंदी दाखवलीत. आप्पा, आयुष्यभर तुम्ही मला मराठीत रागावलात. त्या दिवशी हिंदीत रागावलात, सगळ्यांना कळावं म्हणून. "मेहंदी लगाके बैठोगी तो यही होगा! मेरी बेटी है, इसलिए छोड़ दूँ क्या?" केवढे न्यायी दिसलात! मालकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर, हिरव्या जाळीच्या शेडमध्ये, बाटलीतून काढलेली रोपं धुऊन मातीत लावायला. जयपूरचा उन्हाळा, आणि मी ती नाजूक रोपं जगवत बसले. काम वाईट नव्हतं. पण ते मला शिक्षा म्हणून मिळालं होतं, आणि तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला शेडमधून हात धुऊन आले तर पाट व्हरांड्यात मांडलेला. चिमटे बाहेर, दिवा बाहेर, हार बाहेर. काचेच्या खोलीला कुलूप. कोणीतरी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पूजा बाहर ही ठीक है." मी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! पूजा तुम्ही दुरुस्त केलीत, मला तशीच ठेवलीत. घरी आईने वांग्याचं भरीत केलं होतं. तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलंत, आणि मी वाट पाहिली. तुम्ही म्हणालात, "मीठ जरा कमी आहे." पुढच्या उन्हाळ्यात शेडमधल्या माझ्या टेबलाशेजारी अचानक नवा कूलर आला. तुमच्या पगारातून, हे आईने सांगितलं. आप्पा, मला कूलर नको होता. एक वाक्य हवं होतं. मराठीत चाललं असतं, स्वयंपाकघरात, कोणी ऐकत नसताना.

तुमच्यानंतर मालकांनी लॅब माझ्याकडे सोपवली. कूलर अजून आहे, खडखड करतो, मी तो टाकत नाही. तुमचा फोटो व्हरांड्यात लावलाय. परवा पूजा आटोपल्यावर तुमच्या वेळच्या बाईंनी, त्याच एक उरल्यात आता, पेढा हातात घेऊन फोटोकडे पाहिलं आणि नव्या मुलींसमोर मला म्हणाल्या, "मैडमजी, उस साल माला तो सरजी ने ही अंदर चढ़ाई थी। आपकी कोई गलती नहीं थी। हम सबको पता था।"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते कोणीतरी अखेर बोललं होतं, तेही चारचौघांत. मी फक्त मान डोलवायची होती. तेवढं पुरे होतं.

मी म्हणाले, "नहीं, मेहंदी ही थी मेरी।"

मी आत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि रागाने रडले. तुमची इभ्रत राखायला खोटं बोलले असं समजू नका, मी एवढी चांगली नाही. ते वाक्य तुमचं होतं, आप्पा. दुसऱ्या कोणाकडून मला ते घ्यायचं नाही.