इसहाकाचा हंबरडा

३ मार्च
अब्राहामाला दंड फुगवायला लावले आहेत! शंभरी ओलांडलेला गृहस्थ, देवाच्या आज्ञेवरून पोटच्या इसहाकाचा बळी द्यायला निघालेला, आणि पडद्यावर डोंगर असा चढतो की जणू शर्यतच लागली आहे. चित्रपट परदेशी, त्याचे मराठी संवाद तपासण्याचे काम माझ्याकडे. वाटभर तो आभाळाकडे पाहून भाषण ठोकतो. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हा मनुष्य त्या वाटेवर जवळजवळ गप्प आहे. ज्या श्रद्धेचा एवढा गाजावाजा करावा लागतो, ती मला कच्ची वाटते.

इसहाक तर कडेवरचे पोर! ज्याने होमाची लाकडे पाठीवर वाहिली, तो कडेवर कसा बसेल? वेदीवर बांधताना हंबरडा फोडतो. तो हंबरडा मी काढून टाकायला लावणारच.

४ मार्च
डायलिसिस. मुलगी सोबत होती. "बाबा, माझी एक किडनी घ्या ना. जुळेल, डॉक्टर म्हणतायत." पुन्हा तेच! लेकराला कापून बापाने जगायचे? नाही म्हणालो. विषय संपला.

६ मार्च
स्टुडिओत डबिंगच्या दिग्दर्शकाशी खडाजंगी. "आजोबा, पोरगं रडलं की प्रेक्षक रडतो. तुम्ही व्याकरण बघा, रडणं आम्ही बघतो."

मी त्याला दृश्य पुन्हा लावायला सांगितले. बांधताना इसहाकाचा चेहरा दिसतच नाही. कॅमेरा बापाच्या पाठीवर आहे. म्हणजे ओठ जुळवण्याचा प्रश्न नाही! तेथे मी वाक्य सुचवले — "बाबा, बांधा."

तो हसला. "हे कुठल्या शास्त्रात आहे?"

त्याने पकडले ते योग्यच. "मग वाक्यही नको आणि रडणेही नको," मी म्हणालो.

लहान मुलांचे आवाज काढणाऱ्या बाई — पन्नाशीच्या आहेत — माईकमागून म्हणाल्या, "आजोबांचं खरं आहे. शिवाय माझा घसा वाचेल!"

९ मार्च
जिंकलो! आता तेथे केवळ वारा आणि दोर आवळल्याचा आवाज. दिग्दर्शक दंड चोळत म्हणाला, "छळलंत आजोबा, पण काटा आला अंगावर."

घरी मुलीला सविस्तर सांगितले. इसहाक जाणता होता. म्हाताऱ्या बापाचा हात सहज झटकू शकला असता, झटकला नाही. ते अर्पण त्याचेही होते. चित्रपटवाल्यांनी त्याला पोर करून टाकले आणि त्याचा वाटा काढून घेतला.

ती माझ्या गोळ्या पाकिटातून काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुम्ही मला कशाला पोर करताय?"

गोळ्या घेतल्या.

१० मार्च
रागावलो आहे. कोणावर, हे ठरत नाही.

१२ मार्च
डॉक्टरांना सांगितले — मुलीच्या तपासण्या सुरू करा. डोंगरावर बापाचा सुरा उगारलेला हात अडवणारा देवदूत आभाळातून बोलला होता. येथे लेकीला अडवणारा मीच होतो. बाजूला झालो.