कवड्यांवरचा हात

२ सप्टेंबर १९५८, अकोला

दिवाळी अंकात मुलांसाठी पट हवा, असं संपादक उत्तमरावांचं फर्मान. ‘अकोला ते चिखलदरा’ – साठ घरं, कवड्या टाकत जायचं. “पंधरवड्यात द्या चिंतामणराव. अग्रलेखाइतकं अवघड नाही.” अग्रलेख मी तासाभरात लिहितो.

५ सप्टेंबर

परतवाड्याच्या पुढे वाघ बसवला. त्या घरात गेलं की मागे परतवाड्याला. बायकोला, सरोजला, खेळायला बसवलं. तीनदा वाघाच्या तोंडी गेली आणि कणीक मळायला उठली. “माणूस जिथून उठून जातो ते घर बदला,” म्हणाली.

वाघ चार घरं अलीकडे आणला. आता हरते, पण उठत नाही. म्हणजे हरणाऱ्यालाही बसवून ठेवता येतं!

११ सप्टेंबर

दुपारच्या सुट्टीत छापखान्यात जानरावबरोबर नेहमीचा डाव. सात वर्षं हा कंपोझिटर आणि मी चार कवड्यांवर भांडतो आहोत. पण पट करायला घेतल्यापासून मला नुसतं खेळता येत नाही. पूर्वी हरलो की दैव म्हणायचो. आता वाटतं, हे कुणीतरी मांडलेलं आहे.

आज एक दिसलं. कवड्या पडल्या की जानराव आधी त्यांच्यावरून बोटं फिरवतो, मग आकडा सांगतो. एखादी उलटी करायला कितीसा वेळ लागतो?

१२ सप्टेंबर

चारी पालथ्या पडल्या की आठ. माझ्या हिशेबाने सोळात एकदा. जानरावला आज विसात तीनदा!

वर माझा मजकूर हातात घेईना. “वाचून दाखवा ना जी. तुमचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकिरडा उकरला.” सात वर्षं हेच अक्षर जुळवतोय, आज खोट सापडली. उत्तमरावही कुरकुरत होते – प्रुफांत चुका वाढल्यात, दिवाळीनंतर नवा माणूस पाहावा. मी त्याची बाजू घेतली नाही.

१५ सप्टेंबर

नवा नियम काढला. पडलेल्या कवड्यांना हात लावायचा नाही, आकडा मी बोलायचा.

जानरावने पुढे केलेला हात मागे घेतला. “काहून? मायावर भरोसा नाही का?”

“नियम आहे.”

“पट काय करून राहिले, कायदेपंडितच झाले तुमी. बोला मंग तुमीच.”

दोन्ही डाव हरला. मला जे म्हणायचं होतं ते सिद्ध झालं. जेवण मात्र गोड लागलं नाही.

१६ सप्टेंबर

पट उत्तमरावांच्या हवाली केला.

पट तपासताना मी मुद्दाम एखादं घर चुकीचं लावतो आणि खेळणारा कुठे अडखळतो ते पाहतो. आज तेच जानरावावर केलं. त्याच्या दोन पडल्या, मी म्हणालो, “तीन.” बोटाने घरं चाचपत तो तीन घरं गेला. हूं की चूं नाही. फुकटचं घर पचवलं!

उद्या उलटं करून पाहतो. मग उत्तमरावांशी बोलायचं. कवडीत लबाडी करणारा छपाईच्या खिळ्यांत काय करत असेल?

१७ सप्टेंबर

त्याची शेवटची सोंगटी. आत जायला आठच हवे होते. चारी कवड्या पालथ्या पडल्या – भर दुपारच्या उजेडात, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर.

मी म्हणालो, “एक.”

“हात्तिच्या,” कवड्यांकडे बघतच म्हणाला आणि एक घर सरकला.

कवड्या मी पटकन उचलल्या. कुणी पाहिलं तर काय, असं वाटलं.

१८ सप्टेंबर

नियम मोडीत काढला. जानरावच्या खिळ्यांच्या पेटीपाशी स्टूल नेऊन ठेवलं. मजकूर आता मीच वाचून दाखवतो, प्रुफंही उत्तमरावांकडे जाण्याआधी मी पाहतो. उत्तमरावांनी विचारलंच. सांगितलं, माझं अक्षर कुणाला लागत नाही.