फळीवरची रिकामी खाच

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाच्या! कधी न पाहिलेल्या हेस्टर मावशीने हे व्हरमाँटचं घर माझ्या नावावर करावं, म्हणजे कमालच झाली. माझी लेक टिल्डा जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी खेळतेय. कितीही ओरडा, कार्टीला फरक नाही. माझ्या आईला तान्ही असतानाच या घराने परक्यांना देऊन टाकलं. सोबत फक्त एक चांदीचा चमचा, तोही कोरा, बिननावाचा. आपली माणसं कोण, ते आता इथल्या वस्तूंनाच विचारणार.

५ ऑक्टोबर
घबाड सापडलं! स्वयंपाकघरातल्या फळीच्या खाचांमध्ये आईच्या चमच्यासारखेच चमचे, प्रत्येकावर बाळाचं नाव. आणि बैठकीत काचेच्या चौकटीत केसांचा हार. मेलेल्यांचे केस तारेवर विणून केलेली फुलं, इथल्या जुन्या घरांत असतात तशी. फुलाखाली नावं. दुपारभर जुळवत बसले: सायलस, ओरिन, थँकफुल... प्रत्येक चमच्याला फूल आहे. आईचं कुठेच काही नाही. फार वाईट वाटलं. फळीची एक खाच रिकामी आहे, आणि हाराच्या मधोमध थोडी जागा.

९ ऑक्टोबर
आईच्या कोऱ्या चमच्यावर टिल्डाचं नाव कोरून आणलं आणि खाचेत अडकवला. काय चपखल बसला म्हणून सांगू! आता कोण म्हणेल आम्ही इथल्या नाही? टिल्डाने तोंड वाकडं केलं, मग मी काय हाताने सूप पिऊ, म्हणाली.

११ ऑक्टोबर
टिल्डाला ताप. शेजारच्या डॉर्कस आजी मक्याचा पाव घेऊन आल्या, फळी पाहिली आणि माझा दंडच धरला. अगं बये, म्हणाल्या, जित्या लेकराचा चमचा तिथे कुणी लावतं का? जितं लेकरू आपल्या चमच्याने जेवतं. गेलं, की चमचा फळीवर आणि केस हारात. ही फळी रिकामी खाच सोडत नाही, म्हणून तुझ्या आजीने काळजावर दगड ठेवून तान्हीला लांब धाडलं. चमच्यावर नाव घातलं नाही ते मुद्दामच.
आणि मी मूर्ख! मिरवत लावून बसले.

१२ ऑक्टोबर
चमचा निघत नाही. पक्कड मोडली, कुऱ्हाड घातली, फळीवर ओरखडा नाही. डॉक्टर बघून गेले, त्यांना काही कळेना. गाडीत घालून निघाले तर फाटकाशीच तिचा श्वास अडला — मागे आणलं तेव्हा सुरू झाला.
तिच्या कानामागची बट नाही. हाराची काच बंद आहे, आणि आत मधोमध तिच्याच लाल केसांची कळी —

१३, सकाळ
मला ओळखत नाही. कळी उमलतेय. देवा, माझं लेकरू नको. माझं —
हो. खाच एकच आहे. नाव कुणाचंही चालेल.

दुपार
कानशीने तिचं नाव घासून काढलं. खाचेतल्या चमच्यावरच माझं कोरलं. कोरिन.
टिल्डा उठून बसली! भूक लागली म्हणतेय, सूप मागतेय, हसतेय —
कळी आता लाल नाही. माझ्या केसांसारखी काळी. माझी वेणी हाताला लागत नाही —
डॉर्कस आजी येताहेत तुला न्यायला. टिल्डा, ही वही तुझी. मोठी झालीस, लेकरं झाली, की त्यांना कोरे चमचे दे. नाव कधी —